पानशेत की वेल्हे? रोड सायकलवाल्यांसाठी दोन खोरी

पुण्यातून रविवारी शंभरेक किलोमीटरची राईड करायची, चढउतार हवेत, शेतं आणि नदी सोबत हवी, असं ठरलं की गाडी दोन नावांवर येऊन थांबते. एक मुठेचं खोरं: खडकवासला, गोऱ्हे, खानापूर, सोनापूर करत पानशेत. दुसरं गुंजवणीचं: कात्रजचा जुना घाट, सातारा रस्त्यानं चेलाडी फाटा, मग नसरापूर, मार्गासनी, विंझर आणि वेल्हे. मध्ये सिंहगडाकडून पश्चिमेला गेलेली डोंगररांग. तिच्या अलीकडचं पाणी मुठेतून जातं आणि पलीकडचं नीरेला मिळतं. शेवटी दोन्ही भीमेतच येतात, पण सायकलवरून ही दोन खोरी अगदी वेगळी लागतात.

मुळशीचा रस्ता मी या तुलनेत धरलेला नाही. पिरंगुटपर्यंतची कारखान्यांची वर्दळ आणि पुढे ताम्हिणीकडे सुटलेल्या गाड्या यांच्यामुळे रोड सायकलसाठी तो मला कधी सुचवावासा वाटला नाही. पौडच्या पुढे मुळेचं खोरं देखणं आहे, हे मात्र खरं.

आधी पानशेतच्या बाजूनं बोलतो, कारण त्याचं पारडं हलकं मुळीच नाही. घरातून निघालं की फार वेळ न जाता पाणी दिसायला लागतं. खडकवासल्याची भिंत मागे पडली की उजव्या हाताला जलाशय आणि डावीकडे सिंहगड. खानापूरच्या पुढे रस्ता खरा खुलतो. एकही चढ असा नाही की जिथे दम तुटावा. चढ संपतो तिथेच उतार लागतो आणि त्याच वेगात पुढचा निम्मा चढ पार होतो. रोड सायकलला हवी असते ती ही लय, आणि सोनापूर ते पानशेत या पट्ट्यात ती इतकी छान सापडते की वेगाकडे बघायचं भानच राहत नाही. मध्येच पाय बोलायला लागले तर कुठूनही मागे फिरता येतं. चहा, पंक्चर, फोनची रेंज, कशाचीच फारशी चिंता नाही. नवी सायकल घेतलेल्या माणसाला पहिली मोठी राईड कुठे कर असं विचारलं, तर मी आजही पानशेतच सांगेन.

शिवाय त्या पाण्याला पुणेकराच्या मनात एक जागा आहे. आंबी नदीवरचं पानशेत धरण 12 जुलै 1961 रोजी फुटलं आणि शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला. घरातल्या थोरांकडून त्या दिवसाबद्दल ऐकलं नाही असा जुना पुणेकर विरळा. पुढे धरण पुन्हा बांधलं, शेजारी मोसे नदीवर वरसगाव धरणही झालं. त्या भिंतीपर्यंत स्वतःच्या पायांच्या जोरावर जाऊन उभं राहण्यात काही वेगळंच आहे.

वेल्ह्याचा रस्ता हे सगळं इतक्या सहज देत नाही. आधी कात्रजचा जुना घाट चढायचा (नव्या बोगद्यात सायकल घालू नये), जुन्या बोगद्यातून शिंदेवाडीकडे उतरायचं आणि मग वेळू, खेड शिवापूर करत चेलाडीपर्यंत महामार्ग. हा पट्टा कंटाळवाणा आहे, गोंगाटाचा आहे, त्यात सुंदर काही नाही. ट्रक जवळून जातात, सर्व्हिस रोडवर उलट्या बाजूनं दुचाक्या येतात. वेल्ह्याला नको म्हणणारे बहुतेक जण याच पट्ट्याकडे बोट दाखवतात, आणि त्यांना चूक म्हणणं मला जमणार नाही.

पण चेलाडीला उजवीकडे वळलं की चित्र पालटतं. नसरापूरला बनेश्वराच्या झाडीत पाच मिनिटं थांबावं. नानासाहेब पेशव्यांच्या काळातलं देऊळ, कुंडाचं थंडगार पाणी, सकाळी गर्दी नाही. तिथून वेल्ह्यापर्यंतचा रस्ता भाताच्या खाचरांमधून जातो. एका वळणावर राजगडाची सुवेळा माची पुढे आलेली दिसते, मग बालेकिल्ला, आणि मार्गासनी मागे पडली की समोर तोरणा. पानशेतच्या वाटेवर पाणी सोबत असतं, इथे गड असतात. शिवाजी महाराजांचा सुरुवातीचा किल्ला आणि पंचवीसेक वर्षांची राजधानी एकाच खोऱ्यात, आणि दोन्हींकडे बघत तुम्ही पॅडल मारताय. तालुक्याचं नाव आता राजगड झालंय, पण रस्त्यावर विचारताना वेल्हेच विचारा. चढ इथे जरा लांब आहेत, पानशेतसारखे एकातून दुसऱ्यात मिसळत नाहीत. विंझरच्या पुढे थोडं गिअरशी खेळावं लागतं. साखर, गुंजवण्याकडे जाणारा फाटा घेतलात तर रस्ता आणखी निवांत होतो, मात्र डांबराचा भरवसा धरू नका.

दोन्ही खोरी साधारण पूर्वेकडे उतरतात, त्यामुळे पश्चिमेचा वारा जाताना छातीवर आणि येताना पाठीवर मिळतो. जूनपासून तो चांगलाच जाणवतो. या बाबतीत दोघांत डावंउजवं करण्यासारखं काही नाही.

आता ज्या एका गोष्टीनं माझा निर्णय झाला ती सांगतो: परतीचा डोणजे फाटा ते खडकवासल्याची भिंत हा तुकडा.

सकाळी सहाला हा रस्ता रिकामा असतो, म्हणून जाताना कळतच नाही. परत येताना, रविवारी दहा-साडेदहाच्या पुढे, सिंहगडाला जाणाऱ्या आणि तिथून उतरणाऱ्या गाड्या डोणज्याला एकत्र येतात. पुढे खडकवासल्याच्या काठावरच्या चौपाटीला, म्हणजे खाऊच्या टपऱ्यांच्या रांगेपाशी, दोन्ही बाजूंना गाड्या लावलेल्या. कुणी भज्यांच्या टपरीसमोर मध्येच थांबतं, कुणी कणीस घ्यायला चालत्या गाडीतून काच खाली करून वळतं, कुणी न बघता दार उघडतं. दाराचीच भीती मला सगळ्यात जास्त वाटते. त्या दारापासून लांब राहावं तर मागून हॉर्न, कडेला घ्यावं तर दार. क्लीट लावलेला (बुटाच्या तळानं पॅडलमध्ये अडकवलेला) पाय दर पन्नास पावलांवर सोडवायचा, टेकवायचा, पुन्हा अडकवायचा. हात सतत ब्रेकवर, बाटलीला हात लावायची सोय नाही. पावसाळ्यात यात रेनकोट घालून तिघे-तिघे बसलेल्या दुचाक्यांची भर. अंतर पाहिलं तर किरकोळ. पण हे सगळं येतं पाय थकल्यावर, पाणी संपत आल्यावर, लक्ष जरा ढिलं पडल्यावर. सकाळभर खोऱ्यानं जे दिलं ते घरी पोचेपर्यंत टिकत नाही, मनात उरते ती चौपाटी.

महामार्गही परतीला लागतो, आणि तेव्हा तोही रिकामा नसतो, हे मान्य. पण तिथली वाहनं सरळ रेषेत जातात. कडेची पट्टी धरली, मागचा लाल दिवा चालू ठेवला आणि फाट्यांवर मान वळवून बघितलं, तर पुढे काय होणार याचा अंदाज येतो. शिंदेवाडीला महामार्ग सोडून जुन्या घाटाला लागलात की शेवटचा चढ अंगावर येत नाही, सावकाश वर नेतो. बोगदा ओलांडला की समोर शहर आणि पायाखाली उतार. माझ्या मते थकलेल्या माणसासाठी ही परतीची वाट जास्त सुरक्षित आहे. मोजमाप माझ्याकडे नाही. पाठीत आणि खांद्यांत जो ताण घेऊन मी घरी येतो त्यावरून सांगतोय. तुम्हाला ट्रकची धास्ती वाटत असेल तर तुमचा हिशोब उलटाही येईल.

एक तिसरी वाट आहे आणि ज्यांच्या पायांत ताकद आहे त्यांनी तिचा जरूर विचार करावा. पहाटे पानशेतच्या रस्त्यानं निघायचं, खानापूरहून रांजण्याकडे वळून पाबे घाट चढायचा आणि पलीकडे वेल्ह्याला उतरायचं. मग नसरापूरवरून परत. खडकवासला लागतो तो रिकामा असताना, आणि ती डोंगररांग खुद्द ओलांडल्यामुळे दोन्ही खोरी एका सकाळी बघून होतात. पाबे मात्र तीव्र आहे, वळणं अरुंद आहेत, ओल्या रस्त्यावर उतार जपूनच घ्यावा.

ऋतूचंही बघा. जुलैमध्ये लावणीच्या दिवसांत वेल्ह्याच्या बाजूला ट्रॅक्टर खाचरातून थेट रस्त्यावर येतात आणि चिखलाचे पट्टे सोडून जातात. बारीक टायरला तो चिखल निसरडा. भात काढणीच्या सुमारास काही गावांत रस्त्याच्या कडेला भात वाळत घातलेला असतो. त्यावरून सायकल नेऊ नका, उतरून बाजूनं जा. मला सगळ्यात आवडतो तो मधला काळ, पाऊस ओसरलेला आणि खाचरं पिवळी पडू लागलेली. तेव्हा गड स्वच्छ दिसतात आणि इंद्रायणी तांदळाचा वास खोरंभर असतो. पानशेत त्या दिवसांत वाईट नसतं, पण मी जात नाही.

आठवड्यातल्या मधल्या दिवशी सुट्टी असेल तर मात्र खुशाल पानशेतला जा, चौपाटी तेव्हा ओस असते. रविवारच असेल तर वेल्हे. साडेपाचला कात्रज चौक सोडा, पहिल्या खेपेला पाबे नको, वेल्ह्याला एसटी स्टँडपाशी पोहे-चहा घेऊन नऊच्या आत मागे फिरा. बाटल्या तिथेच भरून घ्या, नसरापूरपर्यंत दुकानं तुरळक आहेत.