चौथ्या मात्रेवरचा दणका: जो कॉकरचं 'विथ अ लिटल हेल्प फ्रॉम माय फ्रेंड्स'

दुसऱ्याचं गाजलेलं गाणं घ्यायचं तर ते आपल्या गळ्यातून नवं होऊन आलं पाहिजे, हे बेळगावकडच्या रसिकाला वेगळं सांगायला नको. सुळेभावीत जन्मलेल्या कुमार गंधर्वांनी बालगंधर्वांची पदं गायली ती 'मला उमजलेले बालगंधर्व' म्हणून. तिथं नक्कल नव्हती, उमज होती. इंग्लंडमधल्या शेफिल्डचा गायक जो कॉकर यानं १९६८ साली बीटल्सच्या गाण्याचं जे केलं, ते त्याच जातीचं काम आहे. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या ज्या पोरांना गॅदरिंगला हे गाणं बसवायचंय, त्यांनी तर ते हातात वाद्य घेऊनच ऐकावं.

आधी मूळ गाणं नीट समजून घ्या. १९६७ च्या 'सार्जंट पेपर' अल्बममधलं हे गाणं लेनन आणि मॅकार्टनी यांनी ड्रमर रिंगो स्टारच्या गळ्याचा अंदाज घेऊन बांधलं. पट्टी पांढरी तीन. चाल सा ते प एवढ्याच टापूत फिरते, फक्त अगदी शेवटी तार सा गाठावा लागतो. चार मात्रांचा झुलता ठेका, हलकाफुलका मिजाज, २ मिनिटं ४४ सेकंदांत खेळ खलास. एकटा पडलेला साधा माणूस दोस्तांच्या भरवशावर उभा आहे, एवढंच तो सांगतो.

कॉकरनं पहिला घाव घातला तो ठेक्यावर. चाराचे सहा केले आणि लय निम्म्याहून खाली आणली. त्यामुळे प्रत्येक शब्दाला ताणायला, घासायला, मोडायला जागा मिळाली. तेच गाणं आता पाच मिनिटांच्या पुढं जातं, आणि मुळात जी गप्पांतली कबुली होती तिची आर्त हाक होते.

आपल्याकडची पोरं इथंच फसतात. सहा मात्रा म्हटल्या की तबल्यावर बसलेला हात आपोआप दादरा धरतो: धा धी ना, धा ती ना. दादऱ्यात चौथी मात्रा खाली, म्हणून तिथं हात हलका पडतो. या गाण्यात नेमका उलटा हिशेब आहे. बेस ड्रम (पायानं वाजवायचा मोठा ड्रम) पहिल्या मात्रेला आणि स्नेअरचा (कडक आवाजाच्या ड्रमचा) सगळा जोर चौथीला. चौथी हलकी सोडली की गाणं अंगाईसारखं झुलायला लागतं, आणि गायक कितीही ओरडला तरी ते उभं राहत नाही. ऑक्टोपॅडवर वाजवणार असाल तर चौथीचा पॅड वेगळा ठेवा, जड स्नेअरचा. आधी आठ-दहा आवर्तनं तोंडानं मोजा, मगच काठ्या उचला. कॉकरच्या रेकॉर्डवर ड्रम्स वाजवलेत प्रोकोल हॅरम या बँडच्या बी. जे. विल्सननं. ओळ संपता संपता तो जी भरणी करतो ती घाईत टाकलेली नाही. समेवर यायला तो जवळजवळ उशीर करतो, आणि तरी बरोबर पोचतो.

सुरुवातीचा ऑर्गन टॉमी आयरचा. बीटल्सच्या अल्बममध्ये आधीच्या गाण्यातूनच हे गाणं सुरू होतं, त्यामुळे ही प्रस्तावना पूर्णपणे नवी आहे. ऑर्गन एकटाच, देवळात समई लावावी तसा, आणि मग अचानक गिटार आणि ड्रम्स कोसळतात. गिटार जिमी पेजची. या कोसळण्यानंतर बँड पुन्हा खाली उतरतो तेव्हा कॉकर पहिली ओळ म्हणतो. हे उतरणं फार मोलाचं आहे. की-बोर्डवर 'चर्च ऑर्गन' लावू नका, तो कोरडा आणि सपाट वाटतो. रॉक किंवा जॅझ ऑर्गनचा टोन घ्या, त्याचं फिरतं कंपन आधी संथ ठेवा, आणि बँड कोसळतो त्या क्षणी वेगवान करा. ऑटो-रिदम बंद.

मागच्या आवाजांबद्दल थोडं थांबून लिहायला हवं. मुळात दोस्त प्रश्न विचारतात आणि रिंगो उत्तर देतो. कॉकरच्या रेकॉर्डवर प्रश्न बायकांच्या आवाजात येतात, आणि गाण्याला गोंधळातल्या झीलकऱ्यांसारखा आधार मिळतो. नायक पुढं सरकला की झील मागून ढकलते. फरक एवढाच की कॉकर प्रश्न संपायची वाट बघत नाही. उत्तर प्रश्नाच्या अंगावर चढतं. ताकद वाढते, पण प्रश्नातला खट्याळपणा हरवतो. मॅकार्टनीच्या बेसची ती गुणगुणणारी चालही इथं नाही. ज्याला मूळ गाणं त्या दोन गोष्टींसाठी आवडतं, त्याला ही उणीव खरोखरच जाणवेल.

शेवटाकडची किंकाळी ही सगळ्यांच्या लक्षात राहणारी जागा. ती घशातून काढायला गेलात तर दुसऱ्या दिवशी आवाज बसलेला असेल. दम पोटातून, जबडा सैल, आणि तालमीत ती जागा दर वेळी पूर्ण जोरानं घेऊ नका. पांढरी तीनचा हट्ट नको; पट्टी गळ्याला जड जात असेल तर दोन सूर खाली घ्या, गाण्याचं काही बिघडत नाही.

ऑगस्ट १९६९ मधला, अमेरिकेतल्या वुडस्टॉक संगीत महोत्सवातला कॉकरचा प्रयोगही ऐका, जमलं तर बघा. तिथं बायका नाहीत. कॉकरच्या साथीच्या ग्रीज बँडची पुरुष मंडळीच बारीक, खोट्या आवाजात झील ओढतात आणि सुरांची थोडी ओढाताण होते. कॉकरचे हात मात्र हवेत नसलेलं वाद्य वाजवत असतात, आणि प्रत्येक झटका मात्रेवर पडतो. जोश तिथला जास्त, बांधणी स्टुडिओतली सरस. बसवायला स्टुडिओचीच रेकॉर्ड समोर ठेवा.

मोबाईलच्या स्पीकरवर ही रेकॉर्ड ऐकून मत बनवू नका. ऑर्गनचे खालचे सूर आणि बेस तिथं गायबच होतात, उरतो नुसता आरडाओरडा. हेडफोन लावा, नाहीतर मोठ्या बॉक्सवर ऐका. आणि मांडवात वाजवताना झील ओढणाऱ्या तिघांना एकच माइक पुरे, पण तो मुख्य गायकाच्या माइकइतकाच उघडा ठेवायला साउंडवाल्याला आधीच सांगा.