स्प्लिटवाइज: चौघांच्या घरात हिशोब कुठे जमतो, कुठे अडतो

शिकायला बाहेर पडल्यावर तिघं-चौघं मिळून घर घेतात. पहिल्या महिन्यात सगळेच सढळ हाताने खर्च करतात. तिसऱ्या महिन्यात मात्र कोण कोणाचं किती देणं लागतो, हे कोणालाच धड सांगता येत नाही. स्प्लिटवाइज हे ॲप नेमकं याच अडचणीतून निघालं. २०११ साली अमेरिकेतल्या प्रॉव्हिडन्समध्ये ते सुरू झालं तेव्हा त्याचं नाव ‘स्प्लिट द रेंट’ होतं. सहलीच्या कॉन्ट्रीसाठी आज ते जास्त वापरलं जातं, पण त्याचा खरा कस लागतो तो वर्षभर एकाच छपराखाली राहणाऱ्या माणसांमध्ये. त्यातही एखादा फ्लॅटमेट पैसे द्यायला टाळाटाळ करणारा किंवा प्रत्येक नोंदीवर वाद घालणारा असेल, तर जास्तच. हे परीक्षण अशाच घरासाठी आहे.

आमचं मत आधीच सांगतो. नोंदवही म्हणून स्प्लिटवाइज उत्तम आहे. वसुलीचं साधन म्हणून ते कमकुवत आहे, आणि न्यायनिवाडा तर ते करतच नाही. कोणता खर्च सामायिक आणि कोणता ज्याचा त्याचा, हे घराने आधी ठरवलेलं नसेल, तर ॲपमुळे भांडण फक्त आकड्यांत मांडलं जाईल.

म्हणून गट तयार करण्याआधी अर्धा तास एकत्र बसा आणि चार गोष्टी लिहून काढा. सामायिक खर्च कोणते: वीज, पाणी, इंटरनेट, कचऱ्याच्या पिशव्या, भांड्यांचा साबण, टॉयलेट पेपर. टीटीएमएम (तू तुझं, मी माझं) काय: जेवणाचं सामान बहुतेक घरांत इथेच ठेवावं. एकत्र स्वयंपाक ठरलेला नसेल तर किराणा सामायिक ठेवणं हे सगळ्यात लवकर फुटणारं धोरण आहे, कारण प्रत्येकाची भूक, वेळ आणि आवड वेगळी असते. कोणालाही न विचारता घरासाठी किती रकमेपर्यंत खरेदी करता येईल, ती मर्यादाही लिहा. आणि चौथी गोष्ट, महिन्याच्या कोणत्या तारखेला हिशोब शून्यावर आणायचा. ही यादी गटाला जोडता येते किंवा सरळ फ्रिजवर चिकटवता येते.

आता प्रत्यक्ष वापर. नोंद करताना ॲप दोन गोष्टी गृहीत धरतं: पैसे नोंद करणाऱ्याने भरले आणि खर्च सगळ्यांत समान वाटायचा. बहुतेक चुका इथेच होतात. दुसऱ्याने भरलेलं बिल तुम्ही नोंदवत असाल तर ‘पेड बाय’ बदलायला विसरू नका, नाहीतर ज्याचे पैसे गेले तोच देणेकरी दिसू लागतो. दोघांनी मिळून भरलं असेल तर तिथेच एकापेक्षा जास्त भरणारे निवडता येतात.

वाटणीचे मुख्य प्रकार पाच आहेत: समान, ठरावीक रकमा, टक्के, ‘शेअर्स’ म्हणजे हिस्से, आणि ‘ॲडजस्टमेंट’. घरासाठी हिश्श्यांचा पर्याय सगळ्यात कामाचा आहे आणि लोक तोच सगळ्यात कमी वापरतात. समजा वीजबिलात वापराचा भाग १५३० आहे आणि चौघांपैकी एकजण महिन्यात फक्त १२ दिवस घरी होता. हिस्से म्हणून दिवस भरा: ३०, ३०, ३०, १२. एकूण १०२ दिवस, म्हणजे दिवसाला १५. तिघांवर ४५० येतात, चौथ्यावर १८०. बिलातला स्थिर आकार मात्र वेगळी नोंद करून समान वाटावा. घर बंद असलं तरी तो द्यावाच लागतो, आणि ‘मी नव्हतोच’ हा युक्तिवाद तिथे लागू होत नाही. इंटरनेटचंही तसंच.

एखाद्याची मैत्रीण किंवा मित्र आठवड्यातले चार दिवस मुक्कामाला असतो, हा तर कायमचा तंटा. त्यावरही हिस्सेच वापरा. चौघांचे हिस्से २, २, २ आणि पाहुणा आणणाऱ्याचे ३. १८०० च्या बिलात तिघांवर ४०० आणि त्याच्यावर ६०० येतात. महिन्यात किती रात्रींनंतर हा नियम लागू होईल ते आधीच ठरवा. पाहुणा येऊन गेल्यावर ठरवलं तर तो नियम वाटत नाही, शिक्षा वाटते.

‘ॲडजस्टमेंट’ हा पर्याय मिश्र पावतीसाठी आहे. १००० च्या खरेदीत १२० ची एक वस्तू फक्त अ ची असेल, तर अ पुढे +१२० टाका. उरलेले ८८० चौघांत वाटले जातात, प्रत्येकी २२०, आणि अ वर ३४० येतात. अशा नोंदीला पावतीचा फोटो जोडावाच. महिनाभराने ‘ही १२० ची वस्तू कसली?’ असा प्रश्न हमखास निघतो.

विजेवरून वाद घालणारा फ्लॅटमेट असेल तर ॲप उघडण्याआधी साधं गणित करा. वॅट गुणिले तास, भागिले १०००, की युनिट निघतात. २००० वॅटचा हीटर रोज ३ तास चालला तर महिन्याला १८० युनिट. खेळांसाठीचा ४०० वॅट ओढणारा संगणक रोज ५ तास चालला तर ६० युनिट. ५० वॅटचा लॅपटॉप तितकेच तास चालवून साडेसात. म्हणजे लॅपटॉप-चार्जरवरून भांडण्यात अर्थ नाही आणि हीटरवरून भांडणं योग्य आहे. हीटरचा थर्मोस्टॅट मधूनमधून बंद होतो, त्यामुळे १८० हा वरचा आकडा समजा. खात्री करायची तर प्लगमध्ये बसणारं छोटं वीजमापक आठवडाभर लावा. आलेले युनिट गुणिले दर ही रक्कम त्या व्यक्तीवर ‘ॲडजस्टमेंट’ म्हणून टाका, बाकीचं समान.

भाड्याबद्दल आमचं मत थोडं वेगळं आहे. शक्य असेल तर भाडं ॲपमध्ये आणूच नका. प्रत्येकाने घरमालकाला परस्पर द्यावं. एकाच्या खात्यातून सगळ्यांचं भाडं जात असेल तर तो माणूस दर महिन्याला तिघांना बिनव्याजी कर्ज देत असतो, आणि उशीर करणाऱ्याला उशिराची झळ लागतच नाही. एकाच खात्यातून देणं भाग असेल तर दरमहा आपोआप होणारी नोंद लावा, पण तिची तारीख भाड्याच्या तारखेच्या पाच दिवस आधीची ठेवा.

खोल्या लहान-मोठ्या असतील तर समान भाडं पहिल्याच दिवशी कोणाच्या तरी मनात अढी बसवतं. यावर बोलीची पद्धत चांगली चालते. समजा तिघं आहेत, तीन खोल्या आहेत आणि एकूण भाडं २४००० आहे. प्रत्येकाने गुपचूप तिन्ही खोल्यांची आपल्या मते किंमत लिहायची, बेरीज २४००० यायला हवी. अ ने मोठी, मधली, लहान अशा १००००, ८०००, ६००० लिहिल्या. ब ने ९०००, ८०००, ७०००. क ने ९०००, ७५००, ७५००. ज्या वाटपात बोलींची बेरीज सर्वाधिक येते ते घ्यायचं: अ ला मोठी, ब ला मधली, क ला लहान, म्हणजे १०००० + ८००० + ७५०० = २५५००. जास्तीचे १५०० तिघांत समान कमी करायचे. भाडं ठरलं ९५००, ७५००, ७०००. आता आपली खोली सोडून दुसरी तिच्या भाड्यात घ्यावी असं कोणालाच वाटत नाही ना, ते आपापल्या बोलीशी ताडून बघा. या उदाहरणात वाटत नाही. समान कपात केल्यावर दर वेळी असं जमेलच असं नाही, म्हणून ही शेवटची तपासणी सोडू नका. अशी हेवा न वाटणारी वाटणी काही साध्या अटींखाली नेहमीच शक्य असते, हे फ्रान्सिस सू या गणितज्ञाने १९९९ मध्ये सिद्ध केलेलं आहे. तेव्हा ‘न्याय्य भाडं ठरवताच येत नाही’ हे कोणी म्हटलं तर ऐकून घेऊ नका.

ॲपकडे परत येऊ. नव्या माणसांना सर्वाधिक गोंधळात टाकणारी सोय म्हणजे ‘सिम्प्लिफाय डेट्स’. अ हा ब चे ३०० देणं लागतो आणि ब हा क चे ३००, तर ॲप अ ला सांगतं की थेट क ला दे. प्रत्येकाची निव्वळ बाकी तीच राहते, व्यवहार कमी होतात. हिशोब म्हणून हे बरोबर आहे. पण ज्या घरात आधीच अविश्वास आहे तिथे ‘मी तर क कडून काहीच घेतलं नव्हतं’ हा प्रश्न उभा राहतो. शिवाय अ पैसे बुडवणारा असेल तर आता त्याचा तोटा ब ऐवजी क च्या वाट्याला येतो. म्हणून कटकटीच्या घरात ही सोय गटाच्या सेटिंगमध्ये जाऊन बंद ठेवा. चौघं वेळेवर देणारे असतील तर खुशाल चालू करा.

दुसरी मोठी चूक म्हणजे परतफेड खर्च म्हणून नोंदवणं. अ ने ब ला ६०० परत केले आणि ‘सेटल अप’ (परतफेड नोंदवण्याची सोय) न वापरता नवा खर्च टाकला, तर ॲप ते चौघांत वाटतं. ब चे येणे ४५० उरते, अ अजून १५० देणं लागतो, आणि ज्यांचा काही संबंध नाही ते क आणि ड प्रत्येकी १५० चे देणेकरी होतात. पैसे हाती पडले की घेणाऱ्यानेच ‘सेटल अप’ करायचं, हा नियम ठेवा. देणाऱ्याने करायचा ठरवला तर न दिलेलेही दिल्यासारखे दिसू शकतात. आणि हे लक्षात असू द्या की ‘सेटल अप’मधली रोख परतफेडीची नोंद ही फक्त नोंद असते, तिच्यामुळे पैसे कुठेही जात नाहीत.

गटातला कोणीही कोणाचीही नोंद बदलू किंवा पुसू शकतो. भित्र्या माणसाला हे भयानक वाटेल, पण बदल कोणी केला ते ‘ॲक्टिव्हिटी’त दिसतं आणि पुसलेली नोंद परतही आणता येते. तरी दर महिन्याला सगळ्या नोंदींची सीएसव्ही फाइल (स्प्रेडशीटमध्ये उघडणारी यादी) उतरवून ठेवा. ॲप घ्यायलाच नकार देणारा फ्लॅटमेट असेल तर नुसत्या नावाने त्याला गटात घालता येतं. तेव्हा महिन्याच्या बाकीचा स्क्रीनशॉट त्याला पाठवत राहा, म्हणजे ‘मला माहीतच नव्हतं’ याला जागा उरत नाही.

विनामूल्य आवृत्ती पूर्वीइतकी मोकळी राहिलेली नाही. दिवसाला मोजक्याच नोंदी करता येतात. त्यामुळे महिनाभराच्या पावत्या रविवारी एकदम भरायला बसलात तर अडाल. पैसे भरले की तिथल्या तिथे नोंद करा, आणि एका दुकानातली खरेदी एकाच नोंदीत घाला. पावती स्कॅन करणं, आलेख, चलन बदलणं या सोयी पैसे भरून मिळणाऱ्या आवृत्तीत आहेत. चौघांच्या घराला त्यांची गरज नाही. घरात महिन्याला पाच-सहाच सामायिक बिलं असतील तर सामायिक स्प्रेडशीटही तितकीच चांगली. स्प्लिटवाइज खऱ्या अर्थाने उपयोगी पडतं ते छोटे खर्च बरेच आणि भरणारे हात वेगवेगळे असतात तेव्हा.

आता वसुली. ॲपमधलं आठवणीचं बटण एकदाच वापरावं. दुसऱ्यांदा यंत्राने पाठवलेली आठवण माणसाला झोंबते आणि तरी पैसे येत नाहीत. त्याऐवजी स्वतः लिहा, रक्कम आणि तारखेसकट: ‘वीजबिल १५३०, तुझा वाटा ४५०. बिलाची शेवटची तारीख १० आहे. ८ तारखेपर्यंत टाकशील का?’ ‘जमेल तेव्हा दे’ असं कधीच लिहू नका, ते जमत नसतंच. याहून परिणामकारक उपाय म्हणजे ज्याची बाकी सर्वात जास्त उणे, त्याने पुढचं सामायिक बिल थेट भरायचं. पैसे मागावे लागत नाहीत आणि बाकी आपसूक शून्याकडे येते. आणि सगळी बिलं एकाच्या नावावर ठेवू नका. वीज एकाच्या, इंटरनेट दुसऱ्याच्या, पाणी तिसऱ्याच्या नावावर असलं की कंपनीपुढे जबाबदारीही विभागली जाते आणि प्रत्येकाला दुसऱ्याच्या वेळेवर देण्याची गरज कळते.

डिपॉझिट गटात नोंदवू नका. ते वर्षभर बाकीत दिसत राहतं आणि खरी थकबाकी त्याच्याआड लपते. ते वेगळ्या कागदावर लिहा: कोणी किती भरलं, कोणत्या तारखेला, आणि राहायला आलात त्या दिवशीचे खोलीनिहाय फोटो.

कोणी मध्येच घर सोडत असेल तर जाण्याच्या दिवशी मीटरचा आकडा फोटोत घ्या आणि शेवटचं बिल येईपर्यंत थांबू नका. मागच्या बिलाच्या दराने त्याचा वाटा काढून त्याच दिवशी नोंदवा, पैसे हाती घ्या, ‘सेटल अप’ करा. देणं-घेणं शिल्लक असेपर्यंत ॲप त्याला गटातून काढू देत नाही. किल्ली परत देण्याच्या वेळीच बाकी शून्य झालेली दोघांनी स्क्रीनवर बघा, सीएसव्ही उतरवा, मग त्याला गटातून काढा आणि आपोआप होणाऱ्या नोंदींमधूनही त्याचं नाव वगळा.