काचेवर वाफ येते: सेटिंग बदलू, सर्व्हिस सेंटर गाठू की ग्राहक आयोगात जाऊ?

यंदा मावसभावाने विचारलं. नवी गाडी, दीड वर्ष झालंय, बडोद्यात सकाळी मांजलपूरहून नंदेसरीला फर्स्ट शिफ्टला जातो आणि एसी लावला की दहा मिनिटांत समोरची काच पांढरी, म्हणे कंपनीला नोटीसच ठोकतो. मी म्हटलं आधी काचेवरून बोट फिरव, वाफ आतून आहे की बाहेरून ते बघ, पुढचं सगळं त्यावर आहे.

आतून असेल तर ती आपल्याच श्वासाची आणि मागच्या सीटवर टाकलेल्या ओल्या छत्रीची. एसी चालू, रीसर्क्युलेशन बंद म्हणजे बाहेरची हवा आत येऊ द्या, हवा काचेकडे, झालं. काच आतून नीट पुसा, नव्या गाडीत डॅशबोर्डच्या प्लास्टिकचा तेलकट थर बसतो त्यावर वाफ जास्त धरते. खर्च शून्य, आणि एवढ्यासाठी कोणी आयोगात जाऊ नये. फक्त मॅट उचलून बघा, खाली ओल असेल तर एसीचा ड्रेन पाइप चोक झालाय किंवा दरवाजाचं रबर गळतंय, मग सर्व्हिस सेंटरलाच जा.

बाहेरून असेल तर गोष्ट उलटी. बडोद्याच्या चोमासात, म्हणजे पावसाळ्यात, बाहेर 28 डिग्री आणि दमटपणा 85 टक्के धरला तर काच साधारण 25 डिग्रीच्या खाली गेली की बाहेरून दव पडतं. वायपर मारा, एसीचं टेम्परेचर थोडं वाढवा, हवा काचेवरून दुसरीकडे वळवा. तरी खालच्या भागात पट्टा येतच राहिला तर संशय घ्यायचा. हवा तोंडावर ठेवा आणि काचेखालच्या फटीवर टिश्यूची पट्टी धरा, जोरात फडफडली तर हवा काचेकडे सोडणारा आतला फ्लॅप पूर्ण बंद होत नाहीये. काही गाड्यांत थोडी हवा मुद्दाम तिकडे सोडलेली असते, म्हणून त्याच मॉडेलच्या दुसऱ्या गाडीशी ताडून बघा, नाहीतर सर्व्हिस सेंटरला आपलंच हसं.

सर्व्हिस सेंटरला माझ्या गाडीसाठी मी स्वतः तीन खेपा घातल्यात. पहिल्या दोनदा ॲडव्हायझर हसून म्हणाला, "साहेब, आ तो नॉर्मल छे, चोमासामां बधी गाडीमां थाय." अर्धं खरंही आहे ते. पण मी जॉब कार्डवर, म्हणजे ते आपली तक्रार लिहून देतात त्या कागदावर, "एसी चेक" असलं काही लिहू दिलं नाही, "तोंडावर हवा ठेवूनही काचेवर हवा येते, समोरचं दिसत नाही" असंच लिहायला लावलं, आणि तिसऱ्यांदा वॉरंटीत फ्लॅपची मोटर बदलून मिळाली. पैसा गेला नाही, तीन शनिवार गेले.

आता आयोग. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष मालाची जबाबदारी उत्पादकावर टाकता येते, 50 लाखांपर्यंतची गाडी जिल्हा आयोगात, 10 ते 20 लाखांच्या गाडीला फी 400 रुपये. कंपनीचं ऑफिस कुठेही असो, तक्रार बडोद्यातच आणि ऑनलाइन करता येते. एवढं ऐकून माणूस लगेच तयार होतो. पण दोष बनवण्यातलाच आहे हे एक्स्पर्टच्या रिपोर्टशिवाय पटवणं अवघड, निकालाला कायद्यात तीन महिने, तपासणी लागली तर पाच, आणि तारखा काय असतात ते आपल्याला माहितीये. वाफेसाठी पूर्ण गाडीचे पैसे परत मागू नका, दुरुस्ती आणि भरपाई मागा. त्याआधी ग्राहक हेल्पलाइनला 1915 वर फोन करा, फुकट आहे, कधी तेवढ्यानेच कंपनी हलते. रिकॉलसाठी, म्हणजे कंपनीने त्या मॉडेलच्या गाड्या दुरुस्तीला परत बोलवाव्यात म्हणून, सरकारी पोर्टलवरही तक्रार टाकता येते, सात वर्षांच्या आतली गाडी हवी, पण एकाच मॉडेलच्या खूप मालकांनी टाकली तरच उपयोग आणि आपल्या हातात पैसे काही येत नाहीत.

भावाची वाफ बाहेरून निघाली आणि टिश्यूही फडफडला. म्हणून त्याला आत्ता नोटीस नको, जॉब कार्ड कर म्हटलं. आयोगाची दोन वर्षांची मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून मोजतात आणि ते कधी घडलं यावरच कंपनीचा वकील भांडतो, तेव्हा पहिल्या पावसातल्या तारखेचा कागद हाताशी हवा. व्हिडिओ काढलाय त्याने, फक्त त्यात काचेपेक्षा गणपतीच जास्त दिसतोय, परत काढायला सांगितलाय.