लॅकर की पाण्याचं ऍक्रिलिक? ग्वाल्हेरच्या हवेत लढाऊ विमानाचं मॉडेल रंगवताना

एअरब्रश (हवेच्या दाबाने रंग फवारणारी लेखणी) घेऊन झाला, कॉम्प्रेसर आला, किटचे पंख धडाला जोडून झाले आणि आता रंग कोणते मागवायचे यावर गाडी अडली आहे, अशा माणसासाठी हे लिहितो आहे. पर्याय खरे तर दोनच: ड्रॉपरच्या बाटलीत येणारं, पाण्यात मिसळणारं ऍक्रिलिक, नाहीतर काचेच्या छोट्या बाटलीतलं, नाकाला झोंबणारं लॅकर. एनॅमल मी बाजूला ठेवतो. वॉशसाठी, म्हणजे खाचांत पातळ रंग सोडायला, ते उत्तम, पण एकेका थरासाठी दिवस-दिवस खोळंबून राहायची आता गरज उरलेली नाही. तामिया या जपानी कंपनीच्या एक्स आणि एक्सएफ मालिकेचे रंग नावाने ऍक्रिलिक असले तरी ते अल्कोहोलवर चालतात आणि लॅकर थिनरमध्ये (लॅकर पातळ करायच्या द्रवात) सुरेख मिसळतात, म्हणून त्यांना मी लॅकरच्याच पंगतीला बसवतो.

आधी ऍक्रिलिकची बाजू मांडतो, कारण ती खरोखरच भक्कम आहे. वास जवळजवळ नाही. भांडी नळाखाली धुता येतात. थेंब मोजून टाकता येतात, त्यामुळे छटा पुन्हा तशीच जमवणं सोपं जातं. कॉकपिटमधली बटणं, सीटचे पट्टे, वैमानिकाचं हेल्मेट अशी हातब्रशची कामं त्याच्याइतकी नीट दुसऱ्या कशानेच होत नाहीत. लॅकर हातब्रशने लावायला गेलात तर दुसरा हात फिरवताना खालचा थर उकलून वर येतो. माझा भाचा ऍक्रिलिकच वापरतो. "मामा, तुझ्या खोलीत डोकं दुखतं," असं तो तोंडावर सांगतो, आणि त्याच्या वयाच्या मुलाच्या हातात मी दुसरं काही देणारही नाही.

मग अडलं कुठे? हवेत. रंगांबद्दलचे बहुतेक सल्ले दमट किंवा थंड गावांतल्या लोकांनी दिलेले असतात. आपल्याकडे एप्रिलपासून पाऊस येईपर्यंत ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या गल्ल्यांतून दुपारी लू वाहते, पारा ४५ अंशांच्या आसपास खेळतो आणि दोरीवर टाकलेला पंचा वळून बघेपर्यंत कडक होतो. शाळा-कॉलेजांना सुट्ट्या असतात, म्हणजे मॉडेलला हात लावायला सवड मिळते ती नेमकी याच दिवसांत.

अशा हवेत ०.३ मिलिमीटरच्या नोझलमधून पाण्याचं ऍक्रिलिक सोडून बघा. पहिली दोन-तीन मिनिटं सगळं छान चालतं. मग सुईच्या टोकावर रंगाची एक बारीक टोपी जमते. डोळ्यांना ती दिसत नाही, पण फवारा एका अंगाला झुकू लागतो. थोड्या वेळाने रंग येईनासा होतो, हवा मात्र येत असते. साहजिकच बोट ट्रिगर आणखी मागे ओढतं, टोपी सुटते आणि पंखाच्या मधोमध शिंतोडे उडतात. तोपर्यंत रंगवलेला भाग कितीही सुंदर झालेला असो, तो घासून पुन्हा करावा लागतो. घासतानाही कटकटच: पुरतं न मुरलेलं ऍक्रिलिक पॉलिश पेपरखाली झिजत नाही, रबरासारखं गोळा होऊन सुटतं.

एकसारखा सपाट रंग मारायचा असेल तर हे एकवेळ चालवून घेता येईल. रुंद फवारा, जास्त रंग, झटपट हात, की काम झालं. पण लढाऊ विमानाचं वेदरिंग, म्हणजे ऊन-पावसाने आणि वापराने आलेला जुनेपणा दाखवणं, हल्ली रंगाच्या पहिल्या थरापासूनच सुरू होतं, आणि प्रश्न तिथेच येतो. आपल्या गावचं मिराज २००० घ्या. १९८५ पासून ते महाराजपुऱ्याच्या वायुसेना तळावर आहे आणि त्याचा त्रिकोणी पंख इथल्या पोरांनाही गच्चीवरून ओळखता येतो. खरं विमान १४.३६ मीटर लांब, म्हणजे १/४८ प्रमाणात ते साधारण ३० सेंटिमीटरचं होतं. त्या पंखावर निळसर-करड्या रंगाचा एकसंध थर दिला तर ते खेळणं दिसतं. म्हणून आधी काळा प्रायमर (रंगाखालचं अस्तर) मारायचा आणि त्यावर करडा रंग खूप पातळ करून, दाब १०-१२ पीएसआयपर्यंत उतरवून, नोझल पृष्ठभागाच्या अगदी जवळ धरून शेवया पसरल्यागत नागमोडी बारीक रेघा भरत जायच्या. एक पॅनेल (पत्र्याचा एक तुकडा) झालं की दुसरं. काही पॅनेल थोडी दाट, काही विरळ. शेवटी त्यावर तोच रंग धुक्यासारखा फिरवला की उन्हात वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या विमानाचा असमान, विटलेला रंग आपोआप उमटतो. दोन्ही बाजू धरून हे काम तास-दीड तास सलग चालतं, आणि त्यात फवारा दर दोन मिनिटांनी अडला तर हात बसतच नाही.

उपाय सगळे करून पाहिले. रिटार्डरचे, म्हणजे रंग वाळणं लांबवणाऱ्या द्रवाचे, थेंब टाकले की टोपी उशिरा जमते, पण थर ओला राहतो आणि पातळ रेघ फुटून कोळ्याच्या पायांसारखी पसरते. रंग वाहता ठेवणाऱ्या फ्लो इम्प्रूव्हरने थोडा फरक पडतो, पण मे महिन्यात तो पुरत नाही. ०.५ चं नोझल लावलं तर अडणं कमी होतं, पण मग बारीक रेघ कुठून आणायची? दर थोड्या वेळाने इअरबड थिनरमध्ये बुडवून सुईचं टोक पुसणं हा सर्वांत भरवशाचा उपाय. पण पुसल्यावर पहिला फवारा विमानावर मारायचा नसतो, कागदावर मारायचा असतो, आणि तेवढ्यात पॅनेलवरची लय तुटते. कूलर लावून बसलं तर हवेत ओल येते आणि रंग बराच बरा वागतो. मात्र त्याच कूलरच्या वाऱ्याबरोबर खसचे तंतू आणि रस्त्याची धूळ ओल्या पंखावर येऊन बसते. पहाटे पाचला उठून रंगवणं मला सर्वांत मानवलं, पण सगळ्यांना ते जमेल असं नाही.

लॅकर इथे वेगळं का वागतं, हे एकदा समजून घेतलं की निवड बरीच सोपी होते. पाण्याच्या ऍक्रिलिकमध्ये रेझिनचे सूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात. पाणी उडालं की ते एकमेकांना बिलगतात आणि त्यांचा पापुद्रा बनतो. मग वरून कितीही पाणी ओता, तो पापुद्रा पुन्हा विरघळत नाही. लॅकरचं रेझिन मात्र थिनरमध्ये विरघळलेलंच असतं. थिनर उडालं की ते वाळतं, पुन्हा थिनर मिळालं की पुन्हा विरघळतं. म्हणजे सुईच्या टोकावर लॅकर वाळत नाही असं नाही, वाळतंच. पण मागून येणारा पातळ रंग ते वाळलेलं स्वतःच विरघळवून पुढे नेतो. मिस्टर कलर या लॅकर-मालिकेचं लेव्हलिंग थिनर घेतलंत तर त्यात रिटार्डर आधीच असतो. एक भाग रंगाला दोन ते तीन भाग थिनर असं मिश्रण भर दुपारी कूलर बंद करून चालवलं आहे, आणि पंखाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ट्रिगर सोडावा लागला नाही.

माझ्यापुरता निकाल या एका गोष्टीने लागला. बाकीचे फायदे त्यामागून आले. लॅकर प्लॅस्टिकला किंचित चावून बसतं, त्यामुळे मास्किंग टेप ओढताना रंग सोबत येत नाही. मिराजच्या नाकाचा काळा रॅडोम (रडारवरचं आवरण) आणि करडं धड यांच्या सीमेवर ऍक्रिलिकची कड टेपबरोबर उचलली जाते तेव्हा जीव किती हळहळतो, हे ज्याने भोगलं त्यालाच कळेल. धातूच्या रंगांत तर तुलनाच नको. चंडीगडला २६ सप्टेंबर २०२५ रोजी मिग-२१ ने निरोप घेतल्यापासून माझ्या ओळखीतल्या अनेकांनी त्याचं किट हाती घेतलं आहे, आणि त्यातले बरेच जण सुरुवातीच्या काळातलं उघड्या धातूचं, रुपेरी अंगाचं मिग करू पाहतात. त्यासाठी चकचकीत काळ्या लॅकरवर लॅकरचाच धातुरंग हा रस्ता मला सर्वांत खात्रीचा वाटतो.

पुढच्या वेदरिंगमध्येही लॅकर हाताला मोकळीक देतं. मी कॅमलिनच्या ऑइल ट्यूबमधला बर्न्ट अंबर आणि काळा थोडा थोडा पुठ्ठ्यावर काढून ठेवतो, म्हणजे तेल पुठ्ठ्यात मुरतं. मग रंगाच्या दुकानातल्या मिनरल टर्पेंटाइनमध्ये तो पातळ करून पॅनेल लाइनमध्ये, म्हणजे पॅनेलांमधल्या खाचांत, सोडतो. जास्तीचा रंग पुसताना इअरबड जोर लावून फिरवला तरी खालचं लॅकर हलत नाही, कारण मिनरल टर्पेंटाइन त्याला विरघळवू शकत नाही. ऍक्रिलिकवरही हे होतं, पण आधी ते चांगलं मुरू द्यायचं, वर क्लिअरचा (पारदर्शक वार्निशचा) थर द्यायचा आणि तरीही उंचवट्यांवर, कडांवर हात हलका ठेवायचा.

वेदरिंगच्या एका कामात मात्र ऍक्रिलिकचा हात कोणी धरू शकत नाही: हेअरस्प्रेवर रंग मारून पाण्याने पोपडे काढणं. वरचा थर लॅकरचा असेल तर पाणी आत शिरत नाही आणि पोपडा सुटत नाही. दुसऱ्या महायुद्धातलं, पॅसिफिकच्या बेटांवर झिजलेलं जपानी विमान करायचं असेल तर वरचा थर बेलाशक ऍक्रिलिकचा घ्या. आपल्या वायुसेनेची जेट विमानं अशी सोललेली नसतात. वायुसेना दिनाच्या वेळी प्रसिद्ध होणारे फोटो नीट पाहा. पंखाच्या मुळाशी बुटांचे मळकट डाग, पोटाखाली हायड्रॉलिक तेलाचे मागे ओढले गेलेले ओघळ, दुरुस्तीनंतर मारलेले थोड्या वेगळ्या छटेचे चौकोन. हे सगळं पातळ फवाऱ्याचं आणि ऑइलचं काम आहे. त्यामुळे आपल्याकडची विमानं करणाऱ्याला पोपड्यांसाठी ऍक्रिलिककडे जायची वेळ क्वचितच येते.

आता लॅकरचे दोष, आणि ते किरकोळ नाहीत. वास हा त्यातला लहान दोष. खरा धोका वाफेचा आहे. कापडी मास्क किंवा एन-९५ त्या वाफेला अडवत नाही, कार्बनच्या डब्या लावलेला रेस्पिरेटरच हवा. बूथचा, म्हणजे वाफ ओढून घेणाऱ्या पेटीचा, पाइप खिडकीबाहेर गेलाच पाहिजे. वाफ पेट घेते, म्हणून शेजारच्या खोलीत गॅस चालू असताना किंवा देवघरात समई तेवत असताना रंगवायला बसायचं नाही. जुन्या वाड्यांत देवघर आणि माजघर एकाला एक लागून असतात, तिथे हे विशेष सांभाळावं लागतं. माझी रंगवायची वेळ मी घरच्यांना विचारून ठरवतो. जानेवारीत धुकं दाटलेलं असताना खिडकी उघडी ठेवणं जिवावर येतं, आणि त्या दिवसांत ऍक्रिलिक अगदी शहाण्यासारखं वागतं, हेही कबूल करायला हवं.

दुसरा दोष पावसाळ्याचा. जुलै-ऑगस्टच्या ओल्या हवेत क्लिअर लॅकर मारलं तर चकाकीऐवजी दुधाळ पांढुरकी झाक येते. थिनर झपाट्याने उडताना पृष्ठभाग थंड पडतो आणि हवेतली ओल त्यावर धरते. नुसत्या लेव्हलिंग थिनरचा हलका फवारा मारला की बहुधा झाक निघून जाते. तरी झड लागलेली असताना क्लिअर मारायचंच नाही आणि उघडीप मिळाली की उरकून घ्यायचं, हे बरं. आपल्याकडे असे दिवस मोजके असतात. कोकणात राहत असतो तर कदाचित हा लेख मी उलटा लिहिला असता.

तेव्हा घरात लहान मूल असेल, रंगवायची खोली आणि झोपायची खोली एकच असेल, खिडकीबाहेर पाइप काढायची सोय नसेल, तर ऍक्रिलिक घ्या आणि मनात किंतु ठेवू नका. पहाटे किंवा हिवाळ्यात रंगवा, नोझल ०.४ किंवा त्याहून मोठं ठेवा. एक सांभाळा: सगळी ऍक्रिलिक एका जातीची नसतात, आणि पाण्याच्या काही रंगांत आयसोप्रोपिल अल्कोहोल पडलं की गुठळ्या होऊन एअरब्रश तुंबतो. थिनर त्याच मालिकेचं घ्यावं. पण खोली वेगळी असेल, हवा बाहेर काढता येत असेल आणि बारीक काम उन्हाळ्याच्या सुट्टीतच होणार असेल, तर लॅकरकडे वळायला मी तरी फार विचार करणार नाही.

मागवताना बाटल्यांचा ढीग करू नका. मिराजसाठी दोन निळसर करडे, एक काळा, एक पांढरा, ग्लॉस आणि मॅट क्लिअर एवढ्यात भागतं. छटा फिकट-गडद करायचं काम पांढरा आणि काळा करतात. पैसे घालायचे ते लेव्हलिंग थिनरच्या मोठ्या बाटलीत घाला, कारण रंगाच्या दुप्पट-तिप्पट तेच लागतं. हार्डवेअरच्या दुकानातलं एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनर एअरब्रश धुवायला चालेल, रंगात मात्र कधी मिसळू नका. त्याने प्लॅस्टिकवर बारीक तडे जातात. ज्वालाग्राही असल्यामुळे हा माल सहसा रस्त्यानेच येतो आणि वेळ खातो. मे महिन्यात रंगवायचं असेल तर होळीच्या आसपास मागवून ठेवलेलं बरं.