एसएसडी मेली नव्हती, बूट जुन्या डिस्कवर होतं

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याच्या ऑफिसातला बिलिंगचा कॉम्प्युटर रडतखडत चालायचा. शहरातल्या एका दुकानदाराने त्यात ४८० जीबीची एसएसडी (चिपवर डेटा ठेवणारी वेगवान डिस्क) बसवली, विंडोज टाकून दिलं आणि ५०० जीबीची जुनी हार्ड डिस्क 'डेटाला राहू द्या' म्हणून आतच ठेवली. मशीन पळायला लागलं. पुढे ऐन उन्हाळ्यात एका सकाळी काळ्या स्क्रीनवर मेसेज आला, बूट डिव्हाइस, म्हणजे विंडोज जिथून सुरू होतं ती डिस्क, सापडत नाही. दुकानदार म्हणाला, 'एसएसडी उडाली, मालक. नवी टाकू, ही जमा करा. डेटा काढायचे वेगळे पडतील.' दोन्हीचे पैसे घेतले आणि 'उडालेली' एसएसडी दुकानातच राहिली.

डेटा मात्र तासाभरात जसाच्या तसा परत आला. मेलेल्या एसएसडीतून तो असा निघत नाही. बिघडली होती ती कट-कट आवाज करणारी जुनी हार्ड डिस्क.

विंडोज टाकताना दोन्ही डिस्क जोडलेल्या असल्या आणि जुनीवर आधीच ईएफआय पार्टिशन (बूटच्या फाइल्स ठेवायचा डिस्कचा छोटा भाग) असलं, तर सेटअप बूटच्या फाइल्स तिथेच टाकतो. विंडोज नव्या डिस्कवर, ते उठवणारी किल्ली जुनीवर. म्हणून इन्स्टॉल करताना जुन्या डिस्कची केबल काढून ठेवायची असते. ती न काढणं हा आळस म्हणून सोडूनही देता येईल, पण त्याच आळसाचं दुसऱ्यांदा बिल फाडणं ही फसवणूक आहे.

तपासायला विंडोज की आणि एक्स दाबून डिस्क मॅनेजमेंट उघडा. 'ईएफआय सिस्टीम पार्टिशन', साधारण १०० एमबीचं, सी ड्राइव्हच्याच ओळीत दिसायला हवं. जुन्या बायोसच्या (मशीन चालू होताना आधी चालणारा प्रोग्राम) मशीनमध्ये 'सिस्टीम' हा शब्द कुठल्या डिस्कसमोर आहे ते बघा. एसएसडीसमोर 'बूट' लिहिलेलं पाहून लोक निश्चिंत होतात, पण त्याचा अर्थ विंडोजचं फोल्डर तिथे आहे इतकाच. याहून पक्की खात्री काउंटरवरच होते: मशीन बंद करायला लावा, जुन्या डिस्कची केबल काढायला लावा, मग चालू करायला सांगा. विंडोज उठलं तर काम नीट झालंय. दुकानदार कां-कू करत असेल तर पैसे देऊ नका.

घोळ झालेला असला तरी नवी एसएसडी लागत नाही. यूईएफआय (बायोसच्या जागी आलेला नवा प्रकार) मशीन असेल तर विंडोजच्या पेन ड्राइव्हवरून सुरू करून शिफ्ट आणि एफ१० दाबा, कमांड लिहायची खिडकी उघडेल. तिथे डिस्कपार्ट या डिस्कचे भाग पाडणाऱ्या कमांडमध्ये विंडोजचा ड्राइव्ह ३०० एमबीने कमी करा, मोकळ्या जागेत ईएफआय पार्टिशन करा, फॅट३२ मध्ये फॉरमॅट करून त्याला एस अक्षर द्या. मग बीसीडीबूट कमांडने विंडोज फोल्डरमधून एसवर बूट फाइल्स टाका. इथेच बरेच जण अडकतात, कारण पेन ड्राइव्हवरून सुरू केल्यावर सी हा सी राहीलच असं नाही. विंडोज फोल्डर कुठल्या अक्षरावर आहे ते आधी डिर कमांडने बघून घ्या. शेवटी बायोसमध्ये एसएसडीवरचा 'विंडोज बूट मॅनेजर' पहिला लावा.

'उडालेली' डिस्क दुकानात सोडू नका. तिच्यावर तुमची बिलं, पासवर्ड सगळं असतं, आणि ठणठणीत एसएसडी पुसून दुसऱ्याच्या गळ्यात नवी म्हणून मारायला काहीच लागत नाही. तुमच्या गळ्यात तशीच आली आहे का, ते क्रिस्टलडिस्कइन्फो या फुकट प्रोग्राममध्ये 'पॉवर ऑन अवर्स' (डिस्क एकूण किती तास चालली) बघून कळतं. नव्या डिस्कवर तिथे शेकडो तास दिसायचं कारण नाही. हा आकडा मागे फिरवणारेही आहेत, म्हणून सिरीयल नंबर कंपनीच्या वॉरंटीच्या पानावर टाकून पाहा.

तोच सिरीयल नंबर जीएसटी बिलावर लिहून घ्या. वॉरंटीत बदलायला डिस्क द्यावीच लागली, तर नंबर टाकलेली पोच मागा. दुकानदार ऐकत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते. जिल्हा ग्राहक आयोगाकडे जायला दोन वर्षांची मुदत असते.