बोटीचा ‘मरीन’ चार्जर आणि 37,400 रुपयांचा चुना

लिहू की नको असं करत महिना काढला. कारण मी इलेक्ट्रिकल डिप्लोमावाला, महापे एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे, आणि मलाच बॅटरी-चार्जरमध्ये टोपी घातली. हसायचं त्यांनी हसून घ्या. पण नवी मुंबईत दिवाळे, सारसोळेपासून वाशीगावापर्यंत ज्यांच्या बोटी आहेत त्यांनी वाचा, कारण तो विकणारा अजून फिरतोय.

जून-जुलै मासेमारी बंदी, बोट वर काढलेली, बॅटऱ्या घरी. जुन्या दोन्ही चार वर्षांच्या झालेल्या, बाबा म्हणाले अजून एक सीझन जातील, मीच म्हटलं नको, सेल्फ (इंजिनचा स्टार्टर), जीपीएस, वायरलेस, लाइट सगळं त्यावरच आहे, नवीन घेऊ आणि सोबत नीट चार्जर बसवू. व्हॉट्सॲपवर कुणीतरी जाहिरात फॉरवर्ड केलेली. 100 एएच (अँपिअर-अवर) डीप सायकल एजीएम बॅटरी, म्हणजे पाणी न घालायची बंद बॅटरी, 13,500 ची एक, दोन घेतल्या म्हणजे 27,000. मरीन चार्जर 12,800. फिटिंग 1,200. झाले 41,000. जुन्या दोन बॅटऱ्या त्याने 1,800 प्रमाणे घेतल्या, 3,600 वजा, राहिले 37,400. त्यातले 10,000 यूपीआयने ॲडव्हान्स, 27,400 कॅश. बिल मागितलं तर म्हणे जीएसटीचं हवं तर दर वेगळा लागेल साहेब. मी म्हटलं राहू दे. हो, मीच म्हटलं. तुम्ही पण म्हटलं असतं, उगाच शहाणपणा सांगू नका.

आता ऐका मी कुठे आंधळा झालो ते. चार्जरच्या बॉक्सवर मोठ्या अक्षरात ‘आयपी67, 20 अँपिअर, 3 स्टेज’, म्हणजे तीन टप्प्यांत चार्ज करणारा. आयपी67 म्हणजे धूळ आत जाणार नाही आणि मीटरभर पाण्यात अर्धा तास ठेवलं तरी पाणी शिरणार नाही. आणि त्याच डब्याच्या मागे पंख्याची जाळी! ही एवढी, हाताचं बोट जाईल अशी भोकं. मी तो डबा उचलून, फिरवून, जाळीवर हात ठेवून बघितला आणि म्हटलं, वा, कूलिंग चांगलं दिलंय. डिप्लोमा कुठे गेला होता देव जाणे.

फिटरने पडवीत चार्जर लावला, चिमटे जोडले, बटन दाबलं. बॅटरीला मीटर लावून दाखवला, 13.1 व्होल्ट, ‘बघा फुल्ल माल’. अरे, कालच चार्ज करून आणलेली बॅटरी थोडा वेळ 13 दाखवणारच, चार-पाच तास तशीच ठेवून 12.7 च्या आसपास राहते का ते बघायचं असतं. हे मला येतं, मी कंपनीत पोरांना शिकवतो. मी विचारलं पण होतं की एजीएमचा मोड कुठे सेट करायचा. म्हणे ऑटोमॅटिक आहे, सेटिंग लागतच नाही. आणि चहा पिता पिता बाबा मागून म्हणाले, ‘आरं काय वास मारतंय ह्यो, अंडी कुजल्यासारखा.’ फिटर म्हणाला नवीन माल आहे काका, पहिल्यांदा येतो. आणि मी बाबांना म्हटलं, तुम्हाला यातलं कळत नाही, गप्प बसा. सहा माणसांसमोर. पैशापेक्षा हे जास्त टोचतं. बंद बॅटरीला तसा वास आला की समजायचं ती जास्त व्होल्टेजने उकळतेय, लगेच मेन स्विच बंद करायचा आणि मग चिमटे काढायचे. चालू असताना चिमटा ओढू नका, त्या गॅसला एक ठिणगी पुरते.

1 ऑगस्टला बोट निघाली. तिसऱ्या फेरीला खाडीच्या तोंडाशी ओहोटीत सेल्फ मारला तर नुसतं टिक टिक. काकांच्या बोटीने दोर लावून आणलं, अख्ख्या जेट्टीने बघितलं. घरी चार्जरवर मीटर लावला तर 16.2 व्होल्ट. एजीएमला 14.4 ते 14.7, मग फ्लोट, म्हणजे बॅटरी भरल्यावर नुसतं धरून ठेवायला, 13.5-13.8 वर यायला पाहिजे, हा रात्रभर 16 वर. बॅटऱ्या दोन्ही बाजूंनी फुगलेल्या. स्टिकर सोलला, खाली दुसरा स्टिकर, त्याखाली 2019 चा शिक्का. यूपीएसमधून निघालेलं स्क्रॅप. चार्जर उघडला तर एक ट्रान्सफॉर्मर, डायोड, आणि तीन लाइट फक्त टायमरच्या छोट्या कार्डला जोडलेले. दोन तास झाले की हिरवा, बॅटरी जगो नाहीतर मरो!! आमच्या जुन्या बॅटऱ्या याच्यापेक्षा बऱ्या होत्या, त्या पण गेल्या.

फोन लावला तर स्विच ऑफ. मग पोलीस. पहिल्या दिवशी साहेब बंदोबस्तात. दुसऱ्या दिवशी म्हणे माल मिळाला ना, मग फसवणूक कसली, हा धंद्यातला वाद, कोर्टात जा. मी मीटरचा फोटो दाखवला, साहेब 14 पाहिजे तिथे 16 येतात. हवालदार म्हणतो, ‘म्हणजे जास्तच मिळालं की तुम्हाला.’ आजूबाजूचे हसले. तिसऱ्या दिवशी शोध लागला की त्या विकणाऱ्याचा गाळा ठाणे शहराच्या हद्दीत, तिकडे जा. तिकडचे म्हणतात पैसे दिले तिथे द्या तक्रार. हाफ डे टाकून टाकून माझी रजा संपली आणि अर्जावर साधा शिक्का मिळाला नाही. घरी येऊन वाचलं की बीएनएसएसच्या (सीआरपीसीच्या जागी आलेला नवीन कायदा) कलम 173 प्रमाणे दखलपात्र गुन्हा असेल तर हद्द न बघता नोंदवून घ्यायला पाहिजे. हे तिथे उभं असताना माहीत पाहिजे होतं. कलम पाठ करून जा, आणि अर्जाची दुसरी कॉपी सही-शिक्क्याशिवाय हातातून सोडू नका.

1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन पैसे गेल्या गेल्या करायचा, तरच बँकेत रक्कम अडवता येते. मी बाकी सगळीकडे फिरून मग केला, तोवर 10,000 कधीच काढले गेलेले. ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंत फी नाही, आणि पोटासाठी स्वतः चालवायची बोट असेल तर आपण ग्राहकच ठरतो, ‘कमर्शियल’ म्हणून कुणी घालवलं तर ऐकू नका. पण तक्रार कोणाच्या नावाने करू? बिल नाही, नाव खोटं. गाळ्यात आता झेरॉक्सवाला बसतो.

परवा तीच जाहिरात परत आली. चार्जरचा भाव आता 13,500. फोटो आमच्याच पडवीतला आहे, फिटरने चहाच्या वेळी काढलेला, खाली लिहिलंय ‘समाधानी ग्राहक, नवी मुंबई’. कोपऱ्यात बाबा उभे आहेत, नाकाला टॉवेल लावून.