शोकेसच्या काचेसाठी काय घ्यावं: पट्ट्यांचा पारदर्शक एलईडी, चिकटणारी फिल्म की जास्त उजेडाचा एलसीडी?

विक्रेता मोबाइलवर पारदर्शक एलईडीचा, म्हणजे काचेत लावायच्या, आरपार दिसणाऱ्या जाहिरातीच्या पडद्याचा जो व्हिडिओ दाखवतो, तो बहुतेक वेळा रात्रीचा असतो. काचेमागे काळोख, पडद्यावर पोहणारा देवमासा आणि फुटपाथवर थबकलेली माणसं. तुमचा पडदा मात्र भर दुपारीही चालायचा असतो, मागे दुकानातले सगळे दिवे लागलेले असतात आणि देवमाशाच्या जागी ‘आषाढ सेल’ लिहायचं असतं. तुलना त्या परिस्थितीत करायला हवी.

त्यातही पहिला प्रश्न तंत्राचा नाहीच. काचेमागे जे आहे ते बघून गिऱ्हाईक आत येतं का? पुण्यात लक्ष्मी रस्त्यावर पुतळ्यांना नेसवलेल्या पैठण्या, सराफाच्या शोकेसमधले हार, हाच अर्धा धंदा आहे. ती काच झाकून चालत नाही. उलट औषधांचं दुकान, मोबाइल दुरुस्ती, क्लासचं ऑफिस यांच्या काचेमागे बऱ्याचदा रॅकची पाठ असते. तिथे पारदर्शकतेसाठी जादा पैसे कशाला मोजायचे? माझं मत स्पष्ट आहे. पेठांमधल्या दहा-बारा फुटी गाळ्यांपैकी बहुतेकांना पारदर्शक पडदा लागत नाही. ज्यांना लागतो, त्यांनी तो कुठल्या जातीचा हे नीट बघून घ्यावं.

पट्ट्यांचा पडदा

‘ट्रान्स्परंट एलईडी’ म्हणून सहसा हाच विकला जातो. ॲल्युमिनियमच्या चौकटीत बारीक पट्ट्या, पट्टीच्या कडेवर एलईडी आणि दोन पट्ट्यांमध्ये मोकळी जागा. चौकट बहुधा १००० बाय ५०० मिलिमीटरची असते आणि काचेच्या आतून, थोडं अंतर सोडून वरून टांगली जाते. पत्रकात ‘पी ३.९१-७.८२’ असं लिहिलेलं दिसेल. म्हणजे एकाच पट्टीवरच्या शेजारच्या दोन ठिपक्यांत (पिक्सेलमध्ये) ३.९१ मिलिमीटर आणि एका पट्टीपासून दुसरीपर्यंत ७.८२ मिलिमीटर अंतर.

दहा फूट रुंद, साडेसहा फूट उंच, म्हणजे साधारण तीन बाय दोन मीटरचा पडदा धरा. पट्ट्या आडव्या असतील तर त्यावर ७६८ बाय २५६ ठिपके बसतात. फुल एचडी फोनवर याच्या दहापट असतात. देवमाशाला तेवढे पुरतात, मजकुराला पुरतीलच असं नाही.

इथे आपली लिपी आडवी येते आणि हे विक्रेते सहसा बोलत नाहीत. इंग्रजी मोठी अक्षरं सात ठिपक्यांच्या उंचीतही वाचता येतात. देवनागरीला शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार लागतात आणि खाली उकार. सोळा ठिपक्यांहून कमी उंचीत ‘पैठणी’चा ‘पै’ आणि ‘पे’ यांत फरक करणं कठीण. नीट दिसायला चोवीस धरा. चोवीस गुणिले ७.८२ म्हणजे जवळजवळ १९ सेंटिमीटर उंचीचं एक अक्षर. एका वेळी दोन-तीन शब्दच चांगले दिसतात. ‘अटी लागू’ लिहायला जागा उरत नाही, हा फायदा की तोटा ते तुम्ही ठरवा.

वाचण्याच्या अंतराचा ठोकताळा असा की ठिपक्यांतलं अंतर जितके मिलिमीटर, किमान तितके मीटर लांबून बघावं. या पडद्याला चार ते आठ मीटर. समोरच्या फुटपाथवरून, रिक्षातून, सिग्नलला थांबलेल्या स्कूटरवरून तो छान दिसतो. तुळशीबागेतल्या बोळात, जिथे माणसं दुकानाला घासून चालतात, तिथे नुसते ठिपके दिसतील. तिथे कुठलाही एलईडी पडदा नको.

आणखी एक गोष्ट. या पडद्यावर काळा म्हणजे विझलेला, आणि विझलेला म्हणजे आरपार. त्यामुळे जाहिरात काळ्या पार्श्वभूमीवर नव्यानं करून घ्यावी लागते. पांढऱ्या पार्श्वभूमीची तयार जाहिरात तशीच लावली, तर झगझगीत भिंत उभी राहते, मागचा माल दिसेनासा होतो आणि वीजही सर्वात जास्त त्याच वेळी खर्च होते. शिवाय मागच्या मालावर स्पॉटलाइट हवा आणि बाकीचं दुकान जरा मंद, नाहीतर दोन्ही फिकं दिसतं.

चिकटणारी फिल्म

काही मिलिमीटर जाडीची, पारदर्शक, थेट काचेवर आतून चिकटवायची. चौकट नाही, वजन कमी, वळणाच्या काचेवरही बसते, आणि बंद असताना पट्ट्यांपेक्षा खूपच कमी नजरेत येते. दिसायला सर्वात देखणा पर्याय हाच.

पण ठिपके विरळ असतात. १० मिलिमीटरची फिल्म घेतली तर त्याच तीन बाय दोन मीटरवर ३०० बाय २०० ठिपके मिळतात आणि वर सांगितलेलं अक्षर २४ सेंटिमीटरचं होतं. दुरुस्तीही अवघड. पट्ट्यांच्या पडद्यात बिघडलेलं मॉड्यूल, म्हणजे एलईडीचा सुटा तुकडा, आतून काढून दुसरं लावता येतं. फिल्ममध्ये ठिपक्यांची ओळ गेली की तो तुकडाच सोलून काढावा लागतो. काचेवर उन्हासाठी आधीच सनफिल्म असेल तर ती काढावी लागेल, म्हणजे ऊन आत. भाड्याचा गाळा असेल तर अकरा महिन्यांच्या करारावर काचेला चिकटवलेली महागडी वस्तू हा हिशोबही करून ठेवा.

बाणेर-बालेवाडीकडच्या दुमजली उंचीच्या काचांना ती शोभते. बघणारा गाडीत असतो, लांब असतो, आणि त्याला भाव सांगायचा नसतो, चमक दाखवायची असते. किमती, तारखा, फोन नंबर दाखवायचे असतील तर फिल्मच्या नादी लागू नका.

जास्त उजेडाचा एलसीडी

हा आरपार दिसत नाही. तरीही बहुतेकांना मी हाच सुचवतो. खिडकीसाठी बनवलेले ५५ इंची पडदे २५०० ते ४००० निट्स (उजेड मोजायचं एकक) उजेडाचे मिळतात; घरातला टीव्ही ३०० ते ५०० निट्सच्या आसपास असतो. उभा लावला तर जेमतेम सव्वादोन फूट रुंदी अडते. बाकीची काच मोकळी राहते आणि तिच्यातून माल दिसतोच. अक्षर स्वच्छ, दोन फुटांवरूनही वाचता येतं, तयार जाहिरात तशीच चालते. दहा फुटी काचेत सव्वादोन फूट पडदा आणि पावणेआठ फूट खरीखुरी पारदर्शकता, हा सौदा वाईट नाही.

पैसे वाचवायला घरचा टीव्ही काचेला लावणारे बरेच आहेत. सावलीतल्या काचेला तो काही काळ निभावतो. थेट उन्हात मात्र साध्या एलसीडीतलं द्रव-स्फटिक तापून पडद्यावर काळे डाग उमटतात. खिडकीच्या पडद्यांत जास्त तापमान सोसणारं स्फटिक असतं, फरक तिथे आहे.

पारदर्शक ओएलईडीही आहे, म्हणजे ज्याचा प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो असा पडदा. फुल एचडी, ५५ इंच, सुमारे ४० टक्के आरपार, चित्र अप्रतिम. पण उजेड काहीशे निट्सचाच, किंमत चौरस फुटाला सर्वात चढी. मॉलच्या आत ठीक, रस्त्यावरच्या काचेला नाही. पारदर्शक एलसीडीला मागे प्रकाशपेटी लागते, म्हणून तो एखादं घड्याळ किंवा बूट मांडायच्या खोक्यापुरता.

ऊन, वीज, शटर

दुकानाचं तोंड कुठे आहे ते बघा. फर्ग्युसन रस्त्यावर कॉलेजच्या समोरच्या बाजूची दुकानं पश्चिमेला तोंड करून आहेत, दुपारनंतरचं ऊन थेट काचेवर, झाडांची सावली असेल तेवढीच सुटका. भर उन्हात पांढरा सदरा वीस हजार निट्सहून जास्त उजेड परत फेकतो. त्यापुढे पाच हजार निट्सचा पडदासुद्धा मवाळच. पश्चिमेच्या काचेला आधी छज्जा किंवा ताडपत्रीची झडप लावा, मग पडद्याचं बोला. उत्तरेच्या काचेला ३५०० निट्सही भरपूर. गडद काच किंवा सनफिल्म असेल तर पत्रकावरच्या आकड्यातला मोठा वाटा तिथेच गळतो, हे विसरू नका.

पट्ट्यांचा पडदा सरासरी २०० ते २५० वॅट आणि पूर्ण उजेडावर ६०० ते ८०० वॅट दर चौरस मीटरला खातो. आपल्या सहा चौरस मीटरला सरासरी दीड किलोवॅट, दहा तासांत १५ युनिट, महिन्याला ४५०. त्याला तुमच्या महावितरणच्या बिलावरचा व्यावसायिक दर लावून बघा. पूर्ण उजेडाला जवळजवळ पाच किलोवॅट लागतात, म्हणून मंजूर भार पुरतो का ते वायरमनला आधी विचारा. शिवाय ही वीज शेवटी उष्णता होऊन दुकानातच उतरते. एक टन एसी साडेतीन किलोवॅट उष्णता ओढतो, म्हणजे त्यातला जवळपास अर्धा टन पडद्याच्या नावे गेला. एका ५५ इंची एलसीडीला तीनशे वॅटच्या आसपास पुरतात.

रात्री शटर पत्र्याचं ओढलं की पडदा काचेमागे गडप. रात्रीही जाहिरात चालवायची तर जाळीचं शटर हवं. तो खर्च कोटेशनमध्ये नसतो.

टांगलेल्या चौकटी स्लॅबला किंवा बीमला अडकवा, पीओपीच्या छताला कधीच नाही. सहा चौरस मीटरचं वजन ऐंशी किलोच्या घरात जातं. लक्ष्मी रस्त्यावर असाल तर खालूनही आधार द्या. विसर्जन मिरवणुकीत काचा कशा थरथरतात ते तिथल्या दुकानदाराला सांगायला नको.

परवाना आणि पाटी

‘काचेच्या आत आहे, परवानगी लागत नाही’ हे वाक्य विक्रेत्याकडून ऐकाल. ॲडव्हान्स देण्याआधी महापालिकेच्या आकाशचिन्ह व परवाना विभागात पडद्याचं माप आणि फोटो घेऊन जा आणि उत्तर लेखी घ्या. आपल्याच धंद्याची जाहिरात दाखवणार की पैसे घेऊन दुसऱ्याची, हेही अर्जात स्पष्ट लिहा. पडद्यावर नाव झळकलं म्हणून पाटीतून सुटका नाही. दुकाने व आस्थापना कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर दुकानाच्या पाटीवर देवनागरीतलं मराठी नाव आधी आणि इतर लिपीपेक्षा लहान नको, हा नियम लागू आहे.

कोटेशन हातात आल्यावर

एक जण चौरस फुटाचा भाव देतो, दुसरा चौरस मीटरचा. एक चौरस मीटर म्हणजे १०.७६ चौरस फूट. भागाकार केल्याशिवाय तुलना करू नका. जीएसटी, लोखंडी काम, कंट्रोलर (पडद्याला चित्र पुरवणारं यंत्र) आणि बसवणूक धरून आहे का ते लिहून घ्या. रिफ्रेश रेट, म्हणजे पडदा सेकंदाला किती वेळा चित्र नव्यानं उमटवतो तो आकडा, ३८४० हर्ट्झ मागा. १९२० ला डोळ्यांना फरक कळणार नाही, पण गिऱ्हाइकानं रील काढली की पडद्यावर आडवे पट्टे धावतात, आणि आजकाल निम्मी जाहिरात त्या रीलमधूनच होते.

सुटी मॉड्यूल्स पडद्यासोबतच, त्याच लॉटमधली घ्या आणि ती तुमच्याच दुकानात ठेवा. दोन वर्षांनी मागवलेल्या मॉड्यूलचा पांढरा रंग जुन्याशी जुळत नाही आणि ठिगळ रस्त्यावरून दिसतं. वॉरंटीत माणूस किती तासांत येणार, तो पुण्यातला आहे की मुंबईहून निघणार, आणि दिवाळीच्या आठवड्यात फोन उचलणार का, हे त्याच कागदावर सहीनिशी असू द्या.